पंधरावं पान

१

शाळा सुटल्यावर ताई परत वर्गात कशाला गेली होती?

हा प्रश्न त्याने शिपाईकाकांना विचारला, मोठ्या बाईंना विचारला, दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारला आणि शेवटी आईलाही विचारला. शिपाईकाका हातातल्या चाव्यांच्या जुडग्याकडे बघत राहिले. मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "तिला काही त्रास झाला नाही," जे त्याने विचारलंच नव्हतं. आई तर उठून आतच गेली. इतकंच कळलं की ताई पिशवी खांद्याला लावून फाटकापर्यंत आली, तिथून माघारी वळली, आणि पाच वाजता शिपाईकाका खिडक्या लावायला वर गेले तेव्हा ती चित्रकलेच्या वर्गात खुर्चीत बसलेली सापडली. हृदय बंद पडलं होतं. एकतीस वर्षांच्या बाईचं.

तो धावत दवाखान्यात पोहोचला तोवर पायापासून डोक्यापर्यंत चादर ओढून झाली होती. शिपाईकाकांनी त्याला दारातच मिठी मारून धरलं. "नको बघूस," ते म्हणाले. काकांचा हात झिडकारायला त्याला एक क्षणही लागला नसता. एरवी कुणी नुसतं अडवलं तरी तो डोक्यात राख घालून घ्यायचा. त्या दिवशी मात्र तो उभाच राहिला.

सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तो सहावीतून शाळा सोडलेला, एकोणीस वर्षांचा. बाहेरून परीक्षा दे म्हणून ताई वर्षभर मागे लागली होती. त्या सकाळी तिने पुस्तकच आणून समोर ठेवलं आणि त्याने ते पलंगाखाली भिरकावलं. "तू माझी मास्तरीण नाहीस!" असं ओरडला. ताई दारात थांबली. "ठोकळ्या," ती म्हणाली. ते नाव घरात दुसरं कोणी घेत नसे. तो बुटाची नाडी बांधत होता, त्याने मान वर केली नाही. शेवटची ताई म्हणून त्याला आठवत होत्या त्या उंबऱ्यावरच्या दोन चपला.

फोटो होते घरात. पण फोटोत ताई फोटोसारखी दिसायची. त्याला एकदा तिचा खराखुरा चेहरा बघायचा होता, सगळा, एवढंच. त्यासाठी त्याने काय वाटेल ते केलं असतं.

२

तो पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होता. दाभण, दोरा, खळ, पुठ्ठा यांत त्याचा दिवस जायचा. वाचता यायचं ते दुकानांच्या पाट्यांपुरतं. पण कागदावरून नुसतं बोट फिरवून तो त्याची वीण आडवी की उभी ते सांगायचा.

ताई दरवर्षी तिसरीच्या मुलांचं एक पुस्तक त्याच्याकडे बांधायला आणायची. चेहऱ्यांचं पुस्तक. जेवढी मुलं तेवढी पानं, प्रत्येक पानावर एकेकाचा चेहरा. "चेहरा एकट्याने काढला तर तो काढणाऱ्याचा होतो," ती म्हणायची. "सगळ्यांनी मिळून काढला तर ज्याचा त्याचा होतो." म्हणून तिची रीत वेगळी होती. एक मूल पुढे खुर्चीत बसायचं आणि त्याचं पान बाकावरून बाकावर फिरायचं. प्रत्येकाने आपल्या वाटणीचा एकच भाग काढायचा. यंदा वर्गात चौदा मुलं होती, तेव्हा चेहऱ्याचे भागही चौदा: केस, मान, हनुवटी, नाक, दोन कान, दोन गाल, दोन भुवया, दोन ओठ आणि दोन डोळे. वाटणी वर्षभराची. त्यामुळे मुलं एकमेकांना त्याच नावाने हाका मारायची. "ए नाक, खाली बस!" "बाई, वरचा ओठ मला चिमटे काढतोय!"

जो खुर्चीत बसायचा त्याचा भाग त्याच्या पानावर अर्थातच राहून जायचा. तो ताई भरायची. असा प्रत्येक पानात एक घास तिच्या हातचा असायचा.

ताई गेल्यावर बाराव्या दिवशी मोठ्या बाई स्वतः कारखान्यात आल्या. हातात पानांची फाइल होती.

"सात झालीत, सात राहिलीत," त्या म्हणाल्या. "पालकांचा मेळावा तीन आठवड्यांवर आलाय आणि मुलं हट्टाला पेटलीत, पुस्तक हवंच म्हणून. नवीन शिक्षिका यायला वेळ आहे. दुपारी तासभर येशील?"

"मला चित्र येत नाही. सरळ रेघ मारायची तरी पट्टी लागते."

"तुला कुठे काढायचंय? त्यांना सगळं माहीत आहे. तू फक्त डोकी फुटू देऊ नकोस."

तो मालकांकडे बघायला लागला. मालक पुठ्ठा कापता कापताच म्हणाले, "जा रे. दोन ते तीन इथे काय आभाळ कोसळतंय?"

३

चित्रकलेचा वर्ग वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच होता. तीन उंच खिडक्या, त्यांतून दुपारचं ऊन बाकांवर असं पडायचं की पोरं पाण्यात बसल्यासारखी वाटायची. हवेत शिसपेन्सिली तासल्याचा वास. भिंतीला एक लाकडी कपाट, आणि फळ्यापाशी ती खुर्ची. साधी, हात नसलेली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. तिच्याकडे बघायचं नाही असं त्याने जिन्यातच ठरवलं होतं आणि आत आल्या आल्या पहिल्यांदा तिच्याकडेच बघितलं.

"तुम्ही बाईंचे भाऊ?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"हो."

"मग आमचे मामा."

झालं. त्या घटकेपासून तो मामा झाला.

"मामा, खुर्ची अशीच असते. कोणी बसायचं नसलं की बाई तिचं तोंड फिरवून ठेवायच्या."

"का?"

"रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलं की लक्ष लागत नाही म्हणून. आणि हा आहे ना, नाक, तो नुसता बघत बसतो."

"मी नाही, हाच!"

शेवटच्या बाकावर एक मुलगी एकटी बसली होती. दोन घट्ट वेण्या, मांडीवर हात. तिच्याआधीचा डावा कान आई-वडिलांबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेला होता आणि त्याची जागा हिला मिळाली होती. ही शाळेत आली ती ताई गेल्यानंतरच्या सोमवारी. तिने ताईला कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी हनुवटीची पाळी होती. हनुवटी म्हणजे एक गुबगुबीत मुलगा. त्याला खुर्चीत बसून हसू आवरेना. पान फिरलं. पाऊण तासात एक चेहरा तयार झाला, ओठांखाली मोकळा, जसा कुणी खालून चावा घेतलेला.

"आता हनुवटी कोण काढणार?" मुलं त्याच्या तोंडाकडे बघायला लागली.

"राहू दे तशीच," तो म्हणाला. पान कपाटात ठेवलं, कपाटाला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने पान काढलं तर हनुवटी भरलेली होती.

४

त्याला पहिल्यांदा राग आला. कुणीतरी आगाऊपणा केला असणार. त्याने शिपाईकाकांना गाठलं. "मला साधा आंबा काढता येत नाही रे बाबा," ते म्हणाले. मोठ्या बाईंना विचारलं. "छान झालीय की! कोणी काढली?" त्यांनीच उलट विचारलं.

मग तो खिडकीशी पान घेऊन बसला. ताई डावखुरी होती. तिच्या रेघा इतरांपेक्षा उलट्या बाजूला कलायच्या, आणि कागदावर हात घासून तिच्या डाव्या तळव्याची बाहेरची कड कायम शिशाने काळी झालेली असायची. त्या हनुवटीखालची छाया तशीच उलटी कललेली होती. कडेला एक फिकट, राखी डाग होता. हात टेकल्याचा.

त्याच्या मनाने लगेच वकिली सुरू केली. पोरांनी वर्षभर ताईचा हात बघितलाय, एखाद्याने गुपचूप नक्कल केली असेल. मधल्या सुट्टीत वर्ग उघडाच असतो. कडी तर कोणीही काढेल.

म्हणून पुढच्या पानाला त्याने कपाटाच्या दोन्ही मुठींना शिवणीचा दोरा गुंडाळला आणि आपली गाठ मारली. ती गाठ कारखान्यात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. दुसऱ्या दिवशी गाठ होती तशी होती. आतल्या पानावर उजवी भुवई आली होती.

त्याला भीती वाटायला हवी होती. तसं झालं नाही. पोटात काहीतरी सैल झालं, खूप दिवसांनी भूक लागावी तसं. त्या दिवशी तो घरी गेला आणि दोनदा वाढून घेतलं. आई बघत राहिली.

"आज बरा आहेस?"

"शाळेत बरं वाटतं."

"मला तिचा चेहराच आठवत नाही रे," आई एकदम म्हणाली. "आवाज येतो, चालणं येतं. चेहरा आणायला गेलं की चादरच दिसते." आणि पदराने ओटा पुसायला लागली, जो पुसूनच ठेवलेला होता.

सातही पानं अशीच झाली. तो दुपारी रिकामी जागा ठेवून जायचा आणि दुसऱ्या दिवशी ती भरलेली बघायचा, जसं कुणी रोज एक ओळ लिहून ठेवावी. पुस्तक पुरं झालं. आता पानं कारखान्यात न्यायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, संपलं.

संपलं, हा शब्द डोक्यात आला आणि त्याचा हात आपोआप कोऱ्या कागदाकडे गेला.

५

"आणखी एक पान करू," तो मुलांना म्हणाला. "पंधरावं."

"कुणाचं?"

त्याने जाऊन खुर्ची वर्गाकडे फिरवली आणि बाजूला झाला.

मुलं खुसखुसायला लागली. "मामा, कोणीच नाही बसलेलं!"

"बाई काय सांगायच्या? दिसेल तेच काढायचं. दिसेल ते काढा."

"दिसतच नाही तर?"

"तर नका काढू."

ताईच्या रीतीत डोळे सगळ्यांत शेवटी यायचे. डोळे काढले की चित्र आपल्याकडे बघायला लागतं, मग आपला हात मोकळा राहत नाही, असं ती सांगायची. म्हणून सुरुवात केस आणि कानांपासून. केसांची मुलगी बराच वेळ पेन्सिल चावत बसली, मग तिने मधोमध भांग पाडला. त्याला वाटलं, हे ठीक आहे. आठवणीतून काढतेय. लहान पोरं कशी, विसरत नाहीत.

पान शेवटच्या बाकावर गेलं. नव्या मुलीने ते सरळ केलं, खुर्चीकडे बघितलं, मान थोडी वाकडी करून परत बघितलं.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांना केस मागे घ्यायला सांगा ना. कान नीट दिसत नाहीये."

वर्गात कोणी हसलं नाही. खिडकीबाहेर कुठेतरी मोटारीचा भोंगा वाजला आणि थांबला. तो काही बोलणार, इतक्यात ती म्हणाली, "हं. आता दिसतोय," आणि खाली वाकून काढायला लागली.

तिने डावा कान काढला. पाळी फाटलेली होती. भोकापासून खालपर्यंत सरळ चीर, आणि चिरीची दोन्ही टोकं गोल झालेली.

तो दीड वर्षाचा असताना ताईच्या कडेवर बसून त्याने तिच्या कानातला डूल ओढला होता. तो असाच, लहानपणापासून हाताचा हावरा. ती चीर ताई आयुष्यभर केसांखाली झाकून ठेवायची. घरातल्या तिघांशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी केस, मान, दोन्ही कान आणि हनुवटी एवढं झालं. पानाच्या मध्ये मात्र कोरं, धुक्यासारखं. पान कपाटात ठेवताना त्याने त्यावरून बोट फिरवलं. कागद कोमट होता. उन्हात असेल, त्याने स्वतःला सांगितलं. बाक मात्र सावलीतला होता.

६

दुसऱ्या दिवशी तो पावणेदोनलाच येऊन जिन्यात उभा राहिला. वर्गात आला तेव्हा मुलं आधीच जागेवर होती. त्यांनी त्याला हाक मारली नाही. कुणी कुणाला चिमटेही काढत नव्हतं.

गाल, भुवया, नाक. पान एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. तो खुर्चीकडे बघत होता. त्याला लाकडाखेरीज काही दिसत नव्हतं. पण मुलांचे डोळे वर उठायचे ते सगळे एकाच उंचीवर जाऊन थांबायचे. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याची असते तेवढ्याच.

नाकाचं काम चाललं असताना त्याचं लक्ष हनुवटीकडे गेलं. तो गुबगुबीत मुलगा वहीवर काहीतरी गिरवत होता. डाव्या हाताने.

"काय रे, तू डावखुरा आहेस?"

मुलाने आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो कुणीतरी तिथे विसरून गेलं होतं. "नाही," तो म्हणाला आणि गिरवत राहिला.

केसांची मुलगी डाव्या हाताने पेन्सिलीला टोक करत होती. मान डाव्या हाताने. दोन्ही कान डाव्या हाताने. काल ज्यांनी पंधराव्या पानावर काढलं होतं ते पाचही जण. बाकीच्यांचे हात अजून नेहमीसारखे होते. त्याने मोजलं, परत मोजलं. मुलं एकमेकांची नक्कल करतात, मनाने लगेच सुचवलं. एक शिंकला की दहा शिंकतात.

सुटायच्या घंटेला नाक पान घेऊन त्याच्याकडे आला. वर्गातला सगळ्यांत वात्रट पोरगा. पण आज चालत आला तो सावकाश, एक पाय किंचित जपून टाकत, दिवसभर उभं राहून पाय दुखणाऱ्या बाईमाणसासारखा. त्याने डाव्या हाताने पान पुढे केलं, आणि दुसऱ्या हाताने मामाच्या सदऱ्याची वर चढलेली कॉलर नीट केली.

"ठोकळ्या," तो म्हणाला, "जेवलास का?"

आवाज मुलाचाच होता. बारीक, थोडा शेंबडा. पण विचारणं मुलाचं नव्हतं.

"जेवलो," तो म्हणाला.

मुलगा मान डोलावून निघून गेला. तो मात्र दाराशी भिंतीला टेकून कितीतरी वेळ उभा होता, आणि खोटं कशाला बोला, रडत होता तो सुखाने.

फाटकात एक बाई थांबली होती. उजव्या कानाची आई. "तुम्हीच ना ते मामा? आमच्या पोराला वर्गात काही झालंय का हो? कालपासून डाव्या हाताने बटणं लावतोय. आणि मला हाक मारत नाही. समोर येऊन उभा राहतो, आणि बघतो, की मी कोण." तिने हसायचा प्रयत्न केला. "परवा रात्रीपर्यंत माझ्या कुशीत घुसून झोपत होता."

मुलगा आईच्या शेजारी उभा होता. तिने त्याचा हात धरला होता. त्याने तिचा धरलेला नव्हता.

७

सकाळी कारखान्यात त्याच्या हातून दोनदा दाभण बोटात गेलं.

"लक्ष कुठेय?" मालक म्हणाले. "शाळेची पानं आण आज. शिवून टाकू. फार लांबवलंस."

"मालक, एखादी गोष्ट हवी असते, खूप हवी असते..."

"मग?"

"आणि ती दुसऱ्याच्या ताटातली असते."

मालकांनी चष्मा काढला. वीस वर्षं ते लोकांची पुस्तकं बांधत होते आणि एकही पुरतं वाचलेलं नव्हतं. "दुसऱ्याच्या म्हणजे लहान पोराच्या?"

त्याने दाभण खाली ठेवलं.

"मग विचारतोस काय?" असं म्हणून ते परत कामाला लागले.

जाताना वाटेत त्याने स्वतःशी ठरवून टाकलं. पान फाडायचं. चार तुकडे करून टाकायचे. पण जसजसं फाटक जवळ आलं तसतसा दुसराच हिशेब सुरू झाला. आता फक्त ओठ आणि डोळे राहिलेत. आज संपेल. संपल्यावर, एकदा बघून झाल्यावर फाडलं तर? एकदाच. आईला दाखवून. पोरं काय, पोरं विसरतील, पोरांचं वयच विसरायचं.

जिन्यात त्याला वर्गातून आवाज येईल असं वाटलं होतं. चौदा मुलांचा वर्ग, आणि वर फक्त पेन्सिलींची खसखस ऐकू येत होती. सुरेल, एका लयीत, एकाच हाताची.

८

कपाट उघडं होतं. त्याने मारलेली गाठ तशीच होती, दोरा तसाच ताठ, आणि तरी दार उघडं. मुलांनी सुरुवात केली होती. ओठ झाले होते. वरचा ओठ आणि खालचा ओठ दोघेही डावा हात बाकावर टेकून शांत बसले होते. पान उजव्या डोळ्यासमोर होतं, आणि त्या मुलाने नुकतीच पेन्सिल उचलली होती. उजव्या हातात.

त्याने पान ओढून घेतलं.

ताई होती. वरून खालपर्यंत ताई. तोंडाची डावी कड किंचित वर चढलेली, रागावली की चढायची तशी, म्हणजे रागही खरा नाही हे कळायचं. फक्त भुवयांखाली दोन कोऱ्या जागा. दोन मुलं. दोनच मिनिटं. ती डोळे उघडेल आणि त्याच्याकडे बघेल.

"मामा, माझं राहिलंय," उजवा डोळा म्हणाला. किरकिरा, चिडका, आठ वर्षांच्या पोराचा आवाज. साऱ्या वर्गात तेवढा एकच जिवंत आवाज होता. त्याच्या शेजारी डावा डोळा, एक दातपडकी मुलगी, त्याच्याकडे बघून ओठ चावत होती. तिला भीती वाटत होती. बाकीच्या बाराजणांपैकी कोणालाच वाटत नव्हती.

त्याने पानाची खालची कड दोन्ही हातांत धरली आणि फाडली.

बोटभर फाटली असेल, तोच मान "आई गं!" म्हणून किंचाळली. तिने आपला गळा धरला होता. त्याने हात सोडला. मुलीच्या गळ्यावर एक बारीक लाल रेघ उठली होती, नखाने ओढल्यासारखी.

फाडायचं नाही तर.

तो उजव्या डोळ्याच्या बाकावर, त्या मुलाला सरकवून, खाली बसला. गुडघे बाकाला आपटले. "पेन्सिल दे."

"पण तुम्हाला येत नाही!"

"दे म्हटलं ना. तुझा भाग मी करतो. आणि तुझाही," तो दातपडकीला म्हणाला. "तुम्ही दोघं हात मांडीवर ठेवा. पेन्सिलीला शिवायचं नाही."

फळ्यापाशी खुर्ची करकरली. वजन उठल्यावर लाकूड करकरतं तशी.

बारा माना एकदम हलल्या. मुलांचे डोळे खुर्चीवरून निघाले, पहिल्या बाकावरून सरकले, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि त्याच्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबले. "बाई उठल्या," कोणीतरी हळूच म्हणालं. त्याच्या डाव्या अंगाला ऊब आली. तासलेल्या लाकडाचा वास आला.

मान वर केली की दिसणार होतं. सगळा चेहरा, डोळ्यांसकट, कागदावरचा नव्हे. त्याला तिथे बसल्या बसल्या कळत होतं की हे खरं आहे आणि हेही कळत होतं की तो वर बघेल तर हात थांबेल, आणि हात थांबला तर ही पोरं आपापल्या घरी जाणार नाहीत. दुसरी कोणी जातील. कुणाची तरी आई त्यांचा हात धरून चालेल.

त्याने पान जवळ ओढलं. पानाच्या कडेवर, त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, एक हात टेकला होता. डावा. बाहेरची कड शिशाने काळी. नखं कापलेली. करंगळीखालची शीर उडत होती.

"ताई," तो कागदाकडे बघतच म्हणाला, "पोरं लहान आहेत गं."

त्याने पेन्सिल धरली, दाभण धरतात तशी, मुठीत. उजव्या भुवईखाली, डोळा जिथे उघडायचा तिथे, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. खाली झुकलेली, उथळ, मिटलेल्या पापणीची. वाकडी आली. ती त्याच्या आयुष्यातली पहिली रेघ, जी त्याने पट्टीशिवाय मारली.

मागच्या बाकावर कोणाची तरी पेन्सिल खाली पडली. "ए, माझी आहे ती!" "तुझी कुठली, नाव लिहिलंय का?" नाक सणसणीत शिंकला आणि वरच्या ओठाने त्याला कोपर मारलं. अर्ध्या वर्गात आवाज आला, अर्धा अजून पाण्याखाली होता. केसांची मुलगी, दोन्ही कान, हनुवटी अजून त्याच्या डोक्यावर बघत होती.

कडेवरचा हात हलला नाही. मागेही गेला नाही.

त्याने दुसऱ्या कोऱ्या जागेवर टोक टेकलं. डोळ्यांतून पाणी कागदावर पडत होतं आणि खळ पसरावी तसं शिसं पसरत होतं. त्याने बाहीने टिपलं, खालून वर नाही, वरून खाली, अगदी हलक्या हाताने, आणि डावी पापणी मिटवली.

मग पापण्यांचे केस राहिले होते. तो ते एकेक करून काढत बसला.